तसे चांगले आहेत

माझा भाचा पुण्याहून बेलापूरला आला की चपला काढायच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतो. या खेपेला तोही विचारला नाही. सोफ्यावर मांडी ठोकली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मावशी, तू आतापर्यंत किती घरमालक बघितलेस?"

स्थळं किती बघितलीस, हे लोक विचारतात. घरमालकांचं कुणी विचारलं नव्हतं. मी बोटांवर मोजलं. सतरा वर्षं, सहा घरं, सात मालक. सहा घरांत सात कसे, तर एका घराचे दोन सख्खे भाऊ मालक होते. भाडं दोघांनी मिळून घ्यायचं यावर त्यांचं एकमत होतं, गळका नळ कुणी दुरुस्त करायचा यावर नव्हतं.

"सातांतले चांगले किती?"

"तसे सगळेच चांगले होते."

भाच्याने ते टाइप केलं. पुढचं सगळं महाभारत या "तसे"वरून झालं, पण ते नंतर.

भाचा ॲप डिझाइन करतो. म्हणजे काय, हे त्याने मला दोनदा समजावलंय. मला कळलं ते इतकंच, की बटण कुठे असावं आणि कुठल्या रंगाचं असावं हे ठरवायचा त्याला पगार मिळतो, आणि तो माझ्या नि नवऱ्याच्या पगाराच्या बेरजेच्या आसपास जातो. अशा मुलाचे त्याच्या मालकाने डिपॉझिटमधून अठरा हजार कापले. कारण, ओट्याच्या ग्रॅनाइटला चरा. भाच्याने वर्षभरात त्या ओट्यावर मॅगीखेरीज काही शिजवलेलं नाही. मॅगीने ग्रॅनाइटला चरा पडत नाही, हा मुद्दा त्याने शेवटपर्यंत लावून धरला. उपयोग झाला नाही. न्यूटनसमोर सफरचंद पडलं, याच्या डोक्यावर ग्रॅनाइट. त्या रात्री त्याला ॲप सुचलं. भाडेकरूंनी मालकांना गुण द्यायचे आणि पुढच्या भाडेकरूने ते वाचून घर घ्यायचं.

"दीडशे रुपयांची मिसळ खायच्या आधी आपण चारशे लोकांचं मत वाचतो," तो म्हणाला. "आणि लाखाचं डिपॉझिट द्यायच्या आधी काय वाचतो? दारावरची पाटी."

हे खरं आहे. उलट बाजूला मात्र वाचनाची केवढी आवड! मालकाला आमचं आधार कार्ड लागतं, पॅन लागतं, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा लागतात. फोटो नि मूळ गावचा पत्ता पोलिसांना कळवला जातो. सोसायटीचा वेगळा फॉर्म, त्यात वाहनं किती, माणसं किती, कुत्रा आहे का. एका मालकीणबाईंनी माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. मला केवढं भरून आलं. मग कळलं, की त्यांच्या घरी भारतीय बैठकीचा संडास होता आणि आम्ही पुढेमागे कमोड मागू की काय याची ती चाचपणी होती. दुसऱ्या एका मालकांनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग थोडं थांबून "जेवणाचं कसं?" असं विचारलं. म्हणजे मासे खाता का. दिवाळे कोळीवाडा त्यांच्या बिल्डिंगपासून रिक्षाने दहा मिनिटं. वारा फिरला की सुकटीचा वास साहजिकच सगळ्या सेक्टरला मिळतो, तिथे हा माणूस माझ्या एका कढईची काळजी करत होता.

आणि आम्ही काय विचारतो? "पाणी किती वाजता येतं?" त्यालाही मालकांचं उत्तर असं, की जणू यांनी स्वतः खालापूरला जाऊन मोरबे धरण बांधलं. धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. पण नळ सोडून दाखवताना मालकांच्या चेहऱ्यावर भगीरथ असतो.

माझ्या पिढीची घरमालक या विषयाची सगळी तयारी 'अशी ही बनवाबनवी'वर झाली. १९८८चा सिनेमा. आधीच्या मालकाने बाहेर काढलेले चौघे जण, जोडप्यांनाच घर देणाऱ्या मालकीणबाई, म्हणून दोघांनी नेसलेल्या साड्या. अजूनही टीव्हीवर लागला की हातातलं काम टाकून बघतो. आता विचार केला तर त्यात सगळी परीक्षा भाडेकरूंनीच दिली. घरासाठी मिशा काढायच्या त्यांनी, पदर सावरायचा त्यांनी. मालकांचं काही तपासून बघावं, हे आम्हा प्रेक्षकांच्याही मनात आलं नाही.

भाच्याने पहिला पडदा दाखवला. वर मालकाचा फोटो, खाली पाच तारे, त्याखाली विषय: प्रतिसाद, वागणूक, पारदर्शकता.

"पारदर्शकता म्हणजे खिडक्यांच्या काचा का?"

"मावशी, सीरियसली सांग. तू मालकाला कशावरून ओळखतेस?"

मी म्हटलं, लॉफ्टवरून. घर बघायला गेल्यावर लोक हॉल बघतात, गॅलरीतून पारसिकचा डोंगर दिसतो का बघतात. मी मान वर करते. लॉफ्ट रिकामा असेल तर ते घर भाड्याने दिलेलं असतं. भरलेला असेल तर मालकांनी आपल्या सामानाला सोबत म्हणून आपल्याला ठेवलेलं असतं. आमच्या पहिल्या घराच्या लॉफ्टवर मालकांच्या आईचा पितळी हंडा, सत्यनारायणाचा चौरंग, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि एक सागवानी पाळणा होता. तिसऱ्या महिन्यात मालकांच्या सुनेला दिवस गेले आणि पाळणा उतरवायला सहा माणसं आली. त्यांचा चहा मी केला. बारशाचे पेढे आठवणीने आले, हेही लिहायला हवं. भाच्याने एक नवीन रकाना केला: घराचा किती टक्के भाग मालकाच्या सामानाने व्यापलेला आहे.

मग खिळा. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हे कलम सात मालकांपैकी सातांनी घातलं. सोडताना खिळ्यांची मोजणी होते आणि आपण न ठोकलेला एखादा नेहमी जास्त भरतो. त्यामुळे आमच्याकडे गणपतीची आरास दरवर्षी सेलोटेपवर तरंगते आणि आमच्या लग्नाचा फोटो सतरा वर्षं कपाटाला टेकून उभा आहे. मोठ्या माणसांचे पाय जमिनीवर असतात म्हणतात, आमचा अख्खा फोटो जमिनीवर आहे.

मग "सहज". घरमालक कधीच कामासाठी येत नाहीत, सहज येतात. इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावावं. सहज डोकावलेला माणूस बाथरूममध्ये जाऊन फरशीवर टकटक करून बघत नाही. एकांच्या तर खिशात टेप होता.

आणि ओल. पारसिकच्या पायथ्याशी पावसाळा काय असतो, ते इथे एक जुलै काढल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या आत्ताच्या बेडरूमच्या भिंतीवर जूनमध्ये श्रीलंका उमटते, ऑगस्टअखेर तिचं ऑस्ट्रेलिया होतं. मालककाकांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "ही ओल नव्हे वहिनी. हवा दमट आहे. खाडी जवळ आहे ना." गेली तीन वर्षं आम्ही भिंतीतून ठिबकणाऱ्या हवेखाली पातेलं ठेवतो.

भाचा भराभर टाइप करत होता. डिपॉझिट या विषयावर आल्यावर त्याची बोटं थांबली, कारण तिथे त्याची स्वतःची जखम होती.

त्याला मी कायद्याची बाजू समजावली. ती मला पाठ आहे, कारण दर अकरा महिन्यांनी तिचं पारायण होतं. कायद्याने मी भाडेकरू नाहीच मुळी. मी लायसन्सी. लीव्ह अँड लायसन्स. रिक्षावाल्याला रिक्षा चालवायचं लायसन्स, वाइन शॉपला दारू विकायचं लायसन्स, तसं मला या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायचं लायसन्स. मुदत संपली आणि मी लाटतच राहिले तर दुप्पट पैसे. हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं २४वं कलम. कायदा १९९९चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्यातच ५५वं कलम आहे, ते मला जास्त आवडतं. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरायचं आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मी नवऱ्याला एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, खिडकी लाव.

"पण अकरा महिनेच का?" भाच्याने विचारलं.

फार चांगला प्रश्न. नोंदणीच्या जुन्या कायद्यात वर्षभराच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, म्हणून लोक एक महिना कमी लिहायचे. महाराष्ट्रात ५५व्या कलमाने ती पळवाटच बुजली. अकरा महिने असो की साठ, नोंदणी करावीच लागते. तरी करार अकराचाच. एका घरी श्राद्धाच्या दिवशी मांजर पायात येतं म्हणून टोपलीखाली ठेवायचे. पुढे ते मांजर मेलं, तर सुनेने शेजारून मांजर मागून आणलं, कारण त्याशिवाय श्राद्ध कसं होणार? तसे आमचे अकरा महिने. टोपली आहे, मांजर उसनं आहे.

नोंदणी आता घरबसल्या होते. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. माझा अंगठा लागत नाही. भांड्यांच्या साबणाने ठसे पुसट झाले आहेत. "मॅडम, जरा तेल लावा," "मॅडम, आता पुसा," असं करत सरकारदरबारी मी अस्तित्वात आहे हे सिद्ध व्हायला वीस मिनिटं लागतात. मालककाकांचा अंगठा पहिल्या फटक्यात. मुद्रांक शुल्क पाव टक्का, वर नोंदणी फी हजार रुपये, वर एजंटचे. खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायची पद्धत आहे. निम्मा माझा, निम्मा माझ्या नवऱ्याचा.

मुंबईतल्या जुन्या चाळींत हेच नाटक उलट्या पात्रांनी चालतं. १९४७च्या बॉम्बे रेंट ॲक्टने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून ठेवली आणि पागडीवाला भाडेकरू मालकाचा जावई झाला. गिरगावातले माझे एक चुलत सासरे मालकाला भाडं द्यायला जायचे तेव्हा भाड्याहून बसचं तिकीट जास्त पडायचं, म्हणून ते चालत जायचे. तिकडे हे ॲप मालकांना द्यावं लागेल. भाच्याने ही सूचना 'फेज टू' म्हणून लिहून ठेवली.

भाडेवाढीसाठीही त्याला एक रकाना हवा होता, कारणांसकट. बेलापुरात कारणांना तोटा नाही. मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं, गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ला. मधली बारा वर्षं आम्ही मेट्रो येतेय म्हणून जास्त भाडं भरलं आणि आल्यावर मेट्रो आली म्हणून. ती बेलापूरहून पेंढरला जाते. मी आजवर पेंढरला एकदाही गेलेले नाही. माझं भाडं मात्र जाऊन आलं. विमानतळाचंही तेच. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८, उद्घाटन ऑक्टोबर २०२५, आणि या साडेसात वर्षांत आम्ही जमिनीवरूनच तिकिटाचे पैसे भरत होतो.

ॲपचा पहिला नमुना तयार झाला तेव्हा भाचा म्हणाला, टेस्टिंग करायला हवं. मी माझ्या भिशीच्या ग्रुपवर टाकलं. चौदा बायका, त्यांतल्या नऊ भाड्याच्या घरात. दोन दिवसांत नऊच्या नऊ मालकांना पाच तारे.

भाचा हादरला. "मावशी, बेलापूर काय नंदनवन आहे?"

नंदनवन कसलं. त्या नऊजणींतल्या एकीच्या मालकाने गीझर काढून नेलाय, दुसरीचा मालक रविवारी सकाळी हिच्या गॅलरीत सूर्यनमस्कार घालायला येतो, कारण त्याच्या आत्ताच्या घराला ऊन नाही. भिशीत याच गोष्टी चालतात. मग पाच तारे का? मी त्याला हिशेब मांडून दाखवला. राहत असताना खरं लिहायची सोय नाही, करार वाढवायचा असतो. घर सोडल्यावर नाही, डिपॉझिट यायचं असतं. आणि डिपॉझिट आलं, की माणूस इतका हरखतो की त्याला मालकात परमेश्वर दिसतो. म्हणजे भाडेकरू खरं बोलेल असा काळ कुठला? बँकेचा मेसेज वाजल्यापासून तो वाचून होईपर्यंतचा. तेवढ्यात तुझ्या ॲपचं बटण सापडलं पाहिजे.

"पण तारे द्यायचे नसतील तर ह्यांनी लिहिलं असतं की काहीतरी," तो म्हणाला.

"लिहिलंय ना. तू वाचलं नाहीस."

खालच्या ओळीत प्रत्येकीने चार शब्द लिहिले होते. ते मी त्याला उलगडून सांगितले, कारण पुण्यात वाढला असला तरी मुलगा इंग्रजी शाळेतला.

"चांगले आहेत" म्हणजे चांगले आहेत. "चांगले आहेत हो" म्हणजे चांगले आहेत, पण तुम्हाला वाटतंय तेवढे नाहीत. "तसे चांगले आहेत" म्हणजे एक गोष्ट आहे, ती मी फोनवर सांगेन. "तसे चांगलेच आहेत म्हणा" म्हणजे दोन गोष्टी आहेत, त्या मी भेटल्यावर सांगेन. "बोलायला चांगले आहेत" म्हणजे पैशाला वाईट. "मालक चांगले आहेत" यात मालकांवर जोर दिला, तर मालकीणबाई. "आम्हाला काही त्रास नाही" म्हणजे वरच्या मजल्यावाल्यांना झाला. "त्यांचा स्वभावच आहे तसा" इथून पुढे घर बघायलाही जाऊ नये. आणि "देवमाणूस" हा सगळ्यात वरचा शिक्का, पण झी मराठीवर त्या नावाची मालिका आल्यापासून आणि तो डॉक्टर काय काय करायचा ते सगळ्यांनी बघितल्यापासून त्या शब्दाचीही खात्री उरलेली नाही.

भाच्याचे डोळे मोठे झाले. त्याने तारे काढून टाकले. त्यांच्या जागी पाच बटणं आली, आणि मधलं, पिवळं, "तसे चांगले आहेत".

तळमजल्यावर एक वकील राहतात. त्यांनाही दाखवलं. आधीचा ताऱ्यांचा पडदा बघून ते म्हणाले होते, "भारतीय न्याय संहिता, कलम ३५६. बदनामी. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोकहितासाठी खरं लिहिलं तर अपवाद आहे, पण तो कोर्टात सिद्ध करायला तारखांना कोण जाणार, तुम्ही की ॲप?" नवीन बटणं बघून ते खुशीत आले. "तसे" या शब्दावर आजवर कुणाला शिक्षा झाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

भाच्याने मला परदेशातली उदाहरणं दाखवली. लंडनच्या महापौरांनी २०१७च्या डिसेंबरात दंड झालेल्या लबाड मालकांची नावं लोकांना शोधता येतील अशी सोय केली. न्यूयॉर्कात पब्लिक ॲडव्होकेट म्हणून एक पद आहे, ते दरवर्षी शहरातल्या सर्वांत वाईट घरमालकांची यादी काढतात. घरांच्या नियमभंगाच्या किती नोंदी निकालाविना पडून आहेत, त्यावरून क्रमांक. बघून बरं वाटलं. पण तिकडच्या यादीतला मालक म्हणजे इमारतींवर इमारती असलेला असामी. आमचे काका म्हणजे एक फ्लॅट, प्रॉव्हिडंट फंड मोडून घेतलेला. त्यांच्या बायकोच्या डायबेटिसच्या गोळ्या आमच्या भाड्यातून येतात, हे त्यांनीच सांगितलंय. दर अकरा महिन्यांनी सांगतात.

खरी यादी मात्र आमच्या बिल्डिंगमध्येच निघाली. जिन्याखाली इस्त्रीवाला बसतो. त्याची एक लांबट वही आहे, प्रत्येक फ्लॅटला एक पान. भाचा शर्ट आणायला गेला तो अर्धा तास वर आला नाही. मी खाली डोकावले, तर हा स्टुलावर बसून वही वाचतोय. "मावशी, हे बघ, ३०२." ३०२च्या पानावर चार वर्षांत पाच आडनावं. एक खोडलं की दुसरं. ४०१च्या पानावर एकच आडनाव, वहीचा कागद पिवळा पडेपर्यंत. १०४च्या शेवटच्या नावापुढे सत्तावीस कपड्यांची उधारी तशीच, म्हणजे तो माणूस रातोरात गेला. कुठल्या मालकाकडे माणूस टिकतो आणि कुठून पळतो, सगळं तिथे, कोळशाच्या डागांसकट. भाच्याने इस्त्रीवाल्याला विचारलं, "३०२चे मालक कसे आहेत?" त्याने शर्टाची कॉलर उलटी केली, पाण्याचा हबका मारला आणि म्हणाला, "साहेब, कडक."

यातून एक गुंता राहिला होता. भाच्याला प्रत्येक घराच्या पानावर मालकाचं नाव टाकायचं होतं. म्हणून त्याने आमचा करार मागितला. काकांना फ्लॅट कसा मिळाला ते वाचत गेला आणि वर मान करून म्हणाला, "पण काका मालक कुठायत? जमीन लीजवर आहे."

बरोबर. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली स्थापन झाली, तेव्हापासून इथले भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. घर विकायचं तर हस्तांतराची फी, परवानगी. काका साठ वर्षांचे, मी अकरा महिन्यांची, फरक मुदतीचा. काका त्या पट्ट्याविषयी बोलायला लागले की मला माझाच आवाज ऐकू येतो. "तसं ठीक आहे हो," म्हणतात. भाच्याने वर बाण काढला: सिडको. तिच्याही वर? शहरासाठी घेतलेली ९५ गावांची जमीन. शहाबाज, आग्रोळी, दिवाळे, बेलापूर गाव. या गावकऱ्यांसाठी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, पाच माणसं गोळीबारात गेली, पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्या साडेबारा टक्क्यांवर उभ्या राहिलेल्या एका बिल्डिंगमध्ये आमची एक भिशीवाली राहते. तिचा मालक तिथलाच भूमिपुत्र. तिच्या मते, चांगले आहेत. नुसते, तसे नाहीत.

बाण कागदाबाहेर जायला लागले तसा भाचा म्हणाला, "मावशी, हे ॲपमध्ये बसणार नाही."

बसत नाही ते बेलापुरात पुष्कळ आहे. आम्ही दोन वर्षं सेक्टर आठमध्ये आर्टिस्ट्स व्हिलेजला राहिलो. चार्ल्स कोरियांनी आखलेली वसाहत, ऐंशीच्या दशकातली. सात घरं एका अंगणाभोवती, अशी तीन अंगणं मिळून एकवीस घरं. दोन घरांत भिंत सामाईक ठेवली नाही, का, तर प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे आपलं घर वाढवता यावं. जगभरचे आर्किटेक्ट ते बघायला येतात. आमच्या मालकांनी ऐपतीप्रमाणे दोन मजले वाढवले आणि वरच्यात आम्हाला ठेवलं. कॅमेरा घेऊन आलेल्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, "या वाढत्या घराच्या कल्पनेकडे तुम्ही कसं बघता?" मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. म्हटलं, वाढ म्हणजे मीच.

परवा रविवारी काका सहज आले. भाचा हॉलमध्ये लॅपटॉप मांडून बसलेला. लपवायला वेळ मिळाला नाही. काकांनी चष्मा लावून सगळं नीट बघितलं, बटणं दाबून बघितली. मला वाटलं रागावतील. पण म्हणाले, "छान आहे. लोकांना उपयोग होईल. काही काही मालक फार वाईट असतात हो." मग चहा झाला. मग बशीत बिस्किटाचा तुकडा फिरवत त्यांनी विचारलं, "आणि वहिनी, आमच्यापुढे कुठलं बटण दाबलंत?"

नवऱ्याने पेपर वर केला. भाचा माझ्याकडे बघत होता. करार पुढच्या महिन्यात संपतो.

"देवमाणूस," मी म्हटलं.

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं मिळायला भाग्य लागतं. मग यंदा दहाच टक्के वाढवू. दुसरीकडे मी पंधरा सांगितले असते."

भाच्याला राहवलं नाही. "काका, आणि ती बेडरूमची ओल?"

"कुठे?"

तो त्यांना आत घेऊन गेला. मागोमाग मीही गेले. ऑस्ट्रेलियाच्या खाली आता न्यूझीलंडही आलं होतं. काकांनी जवळ जाऊन तळवा भिंतीला लावला, बराच वेळ लावून ठेवला.

"दमट हवा," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी हात पुसला.